हक्का म्हणजे नेमके कोण?

शिंचूकर

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी तैवानमध्ये आहे, शिंचूच्या विद्यापीठात संशोधनासाठी. राहतो मात्र शहराबाहेर जूदोंग गावात, एका घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालकीण बाई साठीच्या. त्यांची आई, म्हणजे आजी, नव्वदीला टेकलेल्या. बाई माझ्याशी, दुकानदाराशी आणि स्वतःच्या नातवाशी मँडरिन बोलतात; आजीशी बोलताना मात्र वेगळंच काहीतरी. सुरुवातीचे काही महिने मला सगळं चिनीच वाटायचं. मग लक्षात आलं, की पणजी आणि पणतू एका ताटाशी जेवतात, पण त्यांना एकमेकांचं बोलणं धड कळत नाही. मधे बाई बसतात आणि दोघांचं दोघांना सांगतात.

एकदा विचारलं, तर बाई म्हणाल्या, "आम्ही हक्का."

मला हक्का म्हणजे गाडीवरच्या नूडल्स एवढंच ठाऊक. म्हणून चार जणांना विचारलं. प्रयोगशाळेतला मित्र म्हणाला, "तेही आमच्यासारखे हान चिनीच, फक्त बोली वेगळी." दुसरा म्हणाला, "फार काटकसरी लोक." बाई म्हणाल्या, "आमचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी उत्तरेतून आले." आजींनी माझ्या वाडग्यात आणखी भाजी वाढली आणि काहीच बोलल्या नाहीत.

ही जात आहे, जमात आहे की भाषा? इथल्या जाणकारांनी सांगावं.

पाटा_वरवंटा

बसले चटई टाकून. नूडल्सबद्दल कोणी चूक लिहिलं तर बोलेनच.

जुनी_वही

चांगला विषय. नावापासून सुरू करू. 'हाक्' म्हणजे पाहुणा, 'का' म्हणजे घर किंवा कुटुंब. पाहुणी घराणी. मँडरिनमध्ये तेच शब्द खजिया असे उच्चारतात. तुमचा मित्र बरोबर सांगतोय. चीनने अधिकृतपणे मानलेल्या ५५ अल्पसंख्य जमातींत हक्का नाहीत, ते हानच गणले जातात.

त्यांचा गाभा म्हणजे ज्यांगशी, फूज्येन आणि ग्वांगदोंग हे तीन प्रांत जिथे भेटतात तो डोंगराळ भाग. गानचौ, तिंगचौ आणि मेचौ ही तिथली गावं प्रत्येक हक्का घराच्या तोंडी असतात. तिंग नदीला ते आई म्हणतात. फूज्येनमधल्या निंगह्वा तालुक्यात शिबी नावाचं एक खेडं आहे. असंख्य घराण्यांच्या वंशावळी सांगतात की आमचा मूळ पुरुष तिथून पुढे गेला.

त्या आधी काय? रूढ मत असं, की पिवळ्या नदीच्या खोऱ्यातून हे लोक टप्प्याटप्प्याने दक्षिणेला सरकले. चौथ्या शतकात उत्तरेत राज्य कोसळलं तेव्हा, मग तांग राजवटीच्या शेवटी, मग सोंग राजवट बुडाली तेव्हा. लुओ श्यांगलिन या संशोधकाने १९३३ मध्ये या सगळ्याची पाच स्थलांतरांत मांडणी केली. तुमच्या बाई जे सांगतात ते तेच, फक्त घरातून आलेलं.

पण 'पाहुणे' हे नाव चिकटलं ते बरंच नंतर. १६६१ पासून छिंग सरकारने समुद्रावरचा बंडखोर झेंग याची रसद तोडायला दक्षिणेची किनारपट्टीच रिकामी करवली. लोकांना घरंदारं सोडून आत हाकललं. काही वर्षांनी बंदी उठली तेव्हा ओसाड जमीन कसायला डोंगरातली माणसं बोलावली. सरकारी दप्तरात त्यांची नोंद झाली 'पाहुणी कुळं'. परत आलेले जुने रहिवासी स्वतःला म्हणवत 'पुन्ती', म्हणजे इथले. दोघांत जमिनीवरून, पाण्यावरून धुमसत राहिलं आणि १८५५ ते १८६७ अशी बारा वर्षं चक्क युद्ध झालं. गावंच्या गावं जळली. शेवटी सरकारने हक्कांसाठी छ्शी नावाचा वेगळा विभागच तोडून दिला.

गोदाकाठ

आपल्याकडे पाहुणा तीन दिवसांचा. यांना तीनशे वर्षं झाली तरी कोणी यजमान म्हणेना!

तिखट_मीठ

जुनी_वही, माहिती उत्तम, पण 'उत्तरेतून आलेले' या भागावर मला आक्षेप आहे. वंशावळी आपणही पाहिल्या आहेत. कुळाचा मूळ पुरुष कधी साधा शेतकरी नसतो, नेहमी कुठल्या तरी राजाचा सरदार निघतो. सगळ्यांचे पूर्वज एकाच खेड्यातून कसे जातील? शिबी म्हणजे लोकांनी मिळून जपलेली आठवण आहे, जन्मदाखला नव्हे.

आणि त्या डोंगरात आधी कोणी राहत नव्हतं का? श नावाचे लोक होते. आजही बहुतेक श लोक जी बोली बोलतात ती हक्काच्या अगदी जवळची आहे. इतकी शतकं शेजारी राहून, एकाच उतारावर शेती करून लग्नं झाली नसतील हे कसं मानायचं? हक्का बायकांनी पाय बांधले नाहीत, त्या पुरुषांच्या बरोबरीने शेतात राबल्या, ओझी वाहिली. हान घरांत ही रीत नव्हती. ती डोंगरातल्या जगण्यातून आणि तिथल्या माणसांकडून आली असं मला वाटतं. 'शुद्ध उत्तरेचे' म्हणताना या डोंगरातल्या आज्या पुसल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

जुनी_वही

मान्य, आणि 'आज्या पुसल्या जातात' हे मनाला लागलं. फक्त १९३३ ची ती मांडणी कुठल्या हवेत झाली तेही बघा. हक्कांना 'हे हान नाहीतच, रानटी टोळी आहे' असं शेजारी उघड म्हणत. काही सरकारी गॅझेटिअरांत तर हक्कामधलं 'हाक्' हे अक्षर लिहिताना त्याला कुत्र्याचं चिन्ह जोडलं जाई. जंगली जमातींची नावं तशी लिहायची रीतच होती. १९२० मध्ये शांघायच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या भूगोलात हक्कांना मागास म्हटलं गेलं आणि केवढा निषेध झाला. लुओ स्वतः हक्का. ज्याला माणसातून काढलं जातंय तो आधी वंशावळच पुढे करणार. त्यांचं सगळं बरोबर होतं असं नाही, पण ते का लिहिलं गेलं हे मला समजतं.

हुगळीकाठ

मी मराठी, पण वाढले कलकत्त्यात. बाबांची नोकरी तिथे. हक्का म्हटलं की माझ्या नाकात टांगऱ्याचा वास येतो, ओल्या कातड्याचा. बेंटिंक स्ट्रीटवर चिनी चपलांची दुकानं होती, शाळेचे बूट तिथूनच. टांगऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेचौकडची हक्का माणसं आली आणि दलदलीच्या जागेवर त्यांनी टॅनरी घातल्या. कातडं कमावणं आपल्याकडे विटाळाचं मानलं जाई, म्हणून तो धंदा परक्याला मोकळा होता. कलकत्त्यातले कँटनी लोक सुतारकाम करत, हूपेचे लोक दात बसवत, हक्का कातड्यात आणि बुटांत. धंद्यावरून बोली ओळखता यायची.

टांगऱ्यात चिनी कालीमंदिर आहे आणि तिथे प्रसादाला नूडल्स असतात. आमच्या शेजारच्या काकू कालीला नमस्कार करून हक्का भाषेत पुटपुटायच्या. मग तेवढ्याच सहज बंगालीत मासेवाल्याशी भांडायच्या.

१९६२ बद्दल त्या बोलत नसत. युद्ध झालं आणि सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यांतले किती तरी इथेच जन्मलेले. काही जण वर्षानुवर्षं आत होते. परत आले तर दुकान दुसऱ्याच्या ताब्यात, घर लिलावात. त्यानंतर पांगापांग सुरू झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितल्या, उरलेसुरले धंदे बानतल्याला गेले आणि बऱ्याच कारखान्यांच्या जागी हॉटेलं उभी राहिली. आमच्या काकू टोरांटोला मुलाकडे गेल्या. जाताना आईला लोणच्याची बरणी देऊन गेल्या. ती रिकामी बरणी अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे.

उत्तरध्रुव

टोरांटोहून. ताई, इथे चौकाचौकात 'हक्का' पाट्या आहेत. आत मिळतं काय? चिली चिकन, मंचुरियन, लसूण-मिरची घातलेल्या नूडल्स. चालवणारी मंडळी कलकत्त्याची, माझ्याशी फर्ड्या हिंदीत बोलतात. चीनमधून थेट आलेले लोक ती चव ओळखतच नाहीत. दिवाळीला आम्हा मराठी पोरांची पहिली रांग तिथेच लागते.

पाटा_वरवंटा

आता माझी पाळी. मेचौमध्ये जाऊन 'हक्का नूडल्स' मागाल तर मिळणार नाहीत. तिथे न्याहारीला उकडलेल्या नूडल्स डुकराच्या चरबीत आणि तळलेल्या लसणात कालवतात, सोबत वाफाळतं सूप. सोया सॉस-व्हिनेगर-सिमला मिरची हे आपलं.

खरं हक्का जेवण डोंगरातल्या माणसाचं आहे: खारट, तुपकट, टिकाऊ. मोहरीचा पाला मिठात मुरवून, उन्हात वाळवून ठेवायचा आणि मग डुकराच्या मांसाच्या थरांसोबत शिजवायचा. आपण पावसाळ्यासाठी सांडगे-कुरडया घालतो तीच बुद्धी. मिठात पुरून भाजलेली कोंबडी. आणि टोफूत खिमा भरून केलेला पदार्थ. सांगतात की उत्तरेची माणसं दक्षिणेत आली, तिथे करंज्यांसारख्या डंपलिंगसाठी गहू मिळेना, म्हणून पारीऐवजी टोफू घेतला. तिखट_मीठ म्हणतील ही पण वंशावळच! असेल. पण मला आवडते.

शिंचूकर, तुमच्याजवळ बैपू गाव आहे ना? तिथे पर्यटकांना खलबत्ता देऊन तीळ, शेंगदाणे, चहापत्ती कुटायला लावतात. तो कुटलेला चहा, 'लेइ छा', गोडसर. मलेशियात हक्का घरी मिळतो तो खरा: हिरवागार, कडसर, भातावर ओतायचा, सोबत चिरलेल्या सात-आठ भाज्या. पहिला घास जड जातो, तिसऱ्यापासून सोडवत नाही.

डॉकयार्ड_रोड

मुंबईकरांसाठी एक. माझगावला आमच्या स्टेशनजवळ नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, १९१९ चं. लाल दार, आत क्वान कुंग हा योद्धा देव. चिनी नववर्षाला आम्ही लहानपणी उदबत्त्या लावायला जायचो. ते हक्कांचंच असेल ना?

जुनी_वही

डॉकयार्ड_रोड, नाही. त्या देवळाच्या मंडळाचं नाव सी यूप, म्हणजे 'चार तालुके': ताइशान, खायपिंग, एनपिंग, शिनह्वी. तिथले लोक कँटनीचं भावंड शोभेल अशी बोली बोलतात. वर ज्या बारा वर्षांच्या लढाईबद्दल लिहिलं, ती पेटली होती मुख्यतः याच भागात. म्हणजे माझगावचे नावाडी 'पुन्ती' बाजूचे आणि टांगऱ्याचे चर्मकार 'हक्का' बाजूचे. आपण दोघांनाही एकच हाक मारली, 'चिनी'.

आणखी एक गंमत. तैवानात हक्काची जी बोली सर्वांत जास्त चालते तिचं नाव सिश्येन, त्याचाही अर्थ 'चार तालुके'च. पण ते चार मेचौकडचे, पूर्ण वेगळे.

डॉकयार्ड_रोड

चाळीस वर्षं त्या गल्लीतून जातोय आणि हे आज कळलं. उद्या पाटी नीट वाचतो.

सागरकन्या_मोरिशस

सर्वांना नमस्कार. माझे पूर्वज रत्नागिरीकडून ऊस कापायला मोरिशसला आले. मराठी मी शाळेत शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या देशात चिनी म्हणजे बहुतेक हक्का, मेचौकडचे. प्रत्येक गावात एक चिनी दुकान असायचं, आम्ही 'लाबुतिक सिनवा' म्हणतो. तांदूळ, तेल, सुकी मासळी, सगळं उधारीवर. एक छोटी वही असायची, कापणीनंतर पैसे द्यायचे. माझी आजी म्हणायची, दुकान नसतं तर मळ्यातली माणसं उपाशी राहिली असती. आमच्या २५ रुपयांच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते सर आ-चुएन हक्काच होते. 'आ-चुएन' हे आडनाव नाही, पूर्वजाला हाक मारायचे ते नाव. कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिलं. आमचंही तसंच झालं. माझं आडनाव म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं पहिलं नाव. खरं आडनाव घरात कोणालाच आठवत नाही.

आमच्या दुकानात एक म्हातारी बाई बसायची. तिला क्रेओल थोडं यायचं. शाळा सुटल्यावर आम्ही गेलो की ती आम्हाला तिच्या भाषेत काहीतरी विचारायची, रोज तेच. आम्हाला कळायचं नाही. पण आम्ही शोधून काढलं होतं की मान 'नाही' अशी हलवली तर बिस्कीट मिळतं, 'हो' अशी हलवली तर मिळत नाही. म्हणून आम्ही रोज 'नाही' म्हणायचो.

तिखट_मीठ

सागरकन्याताई, तुमचं मराठी फार गोड आहे. आडनावाचं वाचून थांबलोच.

अनुस्वार

भाषेबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. हक्का ही मँडरिनची बोली नव्हे, चिनी कुळातली वेगळी शाखा आहे. मराठी आणि बंगाली जशा एका कुळातल्या असून एकमेकींना कळत नाहीत, साधारण तसं. आकडे बघा. एक, सहा, सात, आठ, दहा: मँडरिनमध्ये यी, ल्यू, छी, बा, श. हक्कात यित्, लियुक्, त्सित्, पात्, सिप्. शब्दाच्या शेवटी जुन्या चिनीत प्, त्, क् असे बंद उच्चार होते, ते मँडरिनमध्ये गळून पडले आणि हक्काने राखले. दहाला कोरियनमध्येही 'सिप्'च म्हणतात, जुन्या चिनीकडून उसना घेतलेला. मात्र याचा अर्थ 'हक्का हीच खरी प्राचीन चिनी' असा काढू नका, कँटनीनेही हे उच्चार राखलेत. प्रत्येक भाषा काही जपते, काही सांडते.

आपल्या वर्णमालेत ङ नुसता उभा असतो, आपण त्याला एकही शब्द सुरू करू देत नाही. हक्का माणूस 'मी' म्हणतो तोच त्या अक्षराने: 'ङाय'. शेजाऱ्यांना हा 'ङाय' इतका जाणवायचा की व्हिएतनामच्या सरकारी यादीत हक्कासारखी बोली बोलणारी ङाय नावाची जमातच आहे.

शिंचूकर, तुम्ही विचारलंत जात, जमात की भाषा. त्यांची एक म्हण आहे: पूर्वजांची शेती विकावी लागली तर विका, पूर्वजांची भाषा विसरू नका. माझं उत्तर त्यात आहे.

तिखट_मीठ

मग ज्याची भाषा गेली तो हक्का उरत नाही का? शिंचूकरांच्या घरातला पणतू कोण?

अनुस्वार

हा प्रश्न मला टाळता येणार नाही, आणि म्हणीने सुटणारही नाही. तैवानच्या कायद्याने तो वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. तिथे मार्शल लॉच्या काळात शाळेत मँडरिनखेरीज काही बोललं की मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवायचे. मार्शल लॉ १९८७ मध्ये उठला आणि २८ डिसेंबर १९८८ रोजी हजारो हक्का लोक तैपेईच्या रस्त्यावर उतरले. घोषणा होती 'आमची मातृभाषा परत द्या'. त्यातून पुढे २००१ मध्ये हक्कांसाठी मंत्रालयाच्या दर्जाचं खातं, २००३ मध्ये हक्का वाहिनी. २०१० च्या कायद्यात व्याख्या आहे: ज्याचं रक्ताचं किंवा मुळाचं नातं हक्कांशी आहे आणि जो स्वतःला हक्का मानतो तो हक्का. भाषेची अट नाही. पण त्याच कायद्याचा बराचसा भाग भाषा वाचवण्याबद्दलच आहे.

गोदाकाठ

'जो स्वतःला मानतो'. हे मला पटलं. शेजाऱ्याने दिलेलं नाव आता यांनी स्वतःहून घेतलंय.

उत्तरध्रुव

ते गोल मातीचे किल्ल्यासारखे वाडे पण हक्कांचेच ना? फोटो पाहिलेत.

जुनी_वही

तुलौ. युनेस्कोच्या यादीत २००८ मध्ये ४६ वाडे गेले. योंगदिंगकडचे हक्कांचे, पण नानजिंग आणि ह्वाआनकडच्या कित्येकांत होक्क्येन ही वेगळी चिनी भाषा बोलणारे राहतात. मेचौचे वाडे वेगळे, पुढे अर्धगोल तळं आणि मागे अर्धगोल खोल्या.

शिंचूकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा बाईंना वाचून दाखवला, म्हणजे मोडक्या मँडरिनमध्ये सांगितला. कुत्र्याच्या चिन्हाचं त्यांना माहीत नव्हतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग शाळेतलं सांगितलं. त्यांच्या भावाच्या गळ्यात पाटी होती आणि पाटी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर कोणाला तरी हक्का बोलताना पकडावं लागे. त्याने धाकट्या बहिणीला, म्हणजे यांनाच, पकडून दिलं. "म्हणून मी मुलांशी नाही बोलले," म्हणाल्या. एवढंच.

नातू आता शाळेत आठवड्यातून एक तास हक्का शिकतो. पण शाळेतली बोली सिश्येन आणि आजींची हायलू. दोन्हींतले सूर जवळजवळ उलटे: एकीत चढतो तिथे दुसरीत उतरतो. काल तो आजींपुढे उभा राहून शाळेत शिकलेलं म्हणून दाखवत होता. आजी खळखळून हसल्या, त्याला मांडीशी ओढलं आणि तेच वाक्य आपल्या सुरात चार वेळा म्हणून घेतलं. मी घरी आलो की त्या मलाही रोज तेच विचारतात, आता मी उत्तर द्यायला शिकलोय: "शित् पाउ मांग?"

तिखट_मीठ, पणतू कोण हे मी सांगू शकत नाही. पण काल त्याने 'ङाय' नीट म्हटलं.

अनुस्वार

शित् म्हणजे खाणं, पाउ म्हणजे पोट भरणं, मांग म्हणजे 'अजून नाही'. पोटभर जेवलास, की अजून नाही? मेचौकडे मधला शब्द थोडा बदलतो, शेवटचा 'मांग' तोच.

सागरकन्या_मोरिशस

अनुस्वारदादा, मी हे तीन वेळा मोठ्याने वाचलं. दुकानातली म्हातारी जे विचारायची ते 'मांग'नेच संपायचं. आम्ही भावंडं तिला 'मांग आजी'च म्हणायचो.

ती जेवलात का विचारत होती. आम्ही रोज 'अजून नाही' म्हणत होतो.

माझा मोठा भाऊ क्युरपिपला राहतो. आता रात्र झालीय, तरी त्याला फोन करते.